ओळीच्या शेवटची रेघ

३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझे गुडघे कसे आहेत? हे आधीच विचारून ठेवते. नाहीतर मी माझंच सांगत सुटेन, पाकीट चिकटवल्यावर आठवेल आणि मग दिवसभर चुटपुट लागेल.

आपल्या प्रार्थनाघरातल्या फळ्यांना वाळवी लागली आहे. गेल्या महिन्यात प्रवचन चालू असताना बायकांच्या आणि पुरुषांच्या मधल्या त्या लाकडी भिंतीची एक फळी सुटली आणि शिंपीणमावशीच्या खांद्यावर पडली. फार लागलं नाही. ती म्हणाली, "एवढ्या वर्षांत पलीकडचं काहीतरी माझ्यापर्यंत पोचलं एकदाचं." आम्ही सगळ्या हसलो, तर पलीकडून कुणीतरी शू केलं.

आता समितीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, फळ्या काढून विटांची पक्की भिंत घाला. दुसरा म्हणतो, विटा घातल्या तर पश्चिमेच्या खिडक्यांचा उजेड अडेल आणि म्हाताऱ्यांना ग्रंथ दिसणार नाही, तेव्हा फळ्या काढून टाका आणि मोकळं राहू द्या. बायकांबद्दल कुठलाच तट काही म्हणत नाही. प्रवचनकार म्हणाले की ही आड पहिल्यापासून आहे, ती आपल्या श्रद्धेचा भाग आहे. त्यावर औषधवाले काका म्हणाले, "पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? वही काढा."

म्हणून समितीची सगळ्यात जुनी इतिवृत्ताची वही बाहेर निघाली. चिटणीस बाबाच आहेत, पण त्यांचे डोळे आता बारीक अक्षराला साथ देत नाहीत. ते म्हणाले, माझ्या मुलीचं अक्षर चांगलं आहे, ती स्वच्छ प्रत करून देईल. वीस मार्चच्या सभेत ती प्रत वाचायची आणि मग हात वर करून मतदान. म्हणजे पुरुषांचं. आपल्याकडे बायकांची मतं मोजत नाहीत, ते तुला सांगायला नको.

तर आत्या, मी हात धुऊन, कोरडे करून रोज दोन पानं उतरवते. तू शिकवलंस तशी प्रत्येक ओळ संपली की उरलेल्या जागेत रेघ मारते, नंतर कुणी काही घुसवू नये म्हणून. आणि काल मला हे सापडलं: "पुढल्या भागाची फरशी उखडली आहे. लहान मुले खड्ड्यात पडू नयेत म्हणून बायका-मुले बसतात त्या बाजूस फळ्या ठोकाव्यात. काम होताच काढाव्यात."

मी हे तीनदा वाचलं. मग खिडकीशी नेऊन वाचलं. श्रद्धेचा भाग असं कुठेच नाही. मुलं खड्ड्यात पडू नयेत, एवढंच.

त्याच फळ्यांना टेकून, तुझ्या मांडीवर पाटी ठेवून मी अक्षरं शिकले, शाळेत जायच्या आधी. मला वाटायचं, देवानेच त्या तिथे उभ्या केल्यात. आता मी काय करू? बाबांना आत्ताच सांगू, की उतरवत राहू आणि सभेतच कळू दे? वेळेआधी सांगितलं तर चहाडी वाटते आणि गप्प राहिले तर लबाडी.

तुझी,
काटेकोरबाई

११ फेब्रुवारी

काटेकोरबाई,

गुडघे जागेवर आहेत. मी सोडून सगळ्यांना त्यांची काळजी.

तुला वही उतरवायला दिली आहे, तर उतरव. अर्थ लावायला दुसरे बसलेत. तू लहानपणीही अशीच होतीस. पाटीवर अक्षर काढलंस की विचारायचीस, याचं पोट डावीकडे का? आता डावीकडे आहे म्हणून आहे.

ते खड्ड्याचं वाक्य आहे तसं लिही. धाकट्याला, म्हणजे तुझ्या बाबाला, आत्ताच काही सांगू नकोस. तो लगेच घाबरतो. लहानपणी बाहुली हरवली माझी, आणि रडत बसला तो.

एक मात्र ऐक. वहीत कुठे सुटे कागद चिकटवलेले असतील तर ते वहीचा भाग नव्हेत. ते उतरवायचे नाहीत. लोक अर्ज करतात, चिकटवले जातात, खळ वाळते, विषय संपतो.

इथे थंडी ओसरली. नर्सबाई आठवड्यातून एकदा येते आणि मला चालवते, मी घोडा असल्यासारखी.

आत्या

१७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तू सुट्या कागदाचं लिहिलं नसतंस तर माझं लक्षही गेलं नसतं. दोन पानं एकमेकांना चिकटली आहेत, असं समजून मी पुढे गेले होते. तुझं पत्र वाचल्यावर परत गेले. नको म्हटलंस ते करायला गेले, हे कबूल करते. पण प्रत पूर्ण म्हणायची आणि त्यात एक कागद नाही, हे मला जमेना.

तो बायकांचा अर्ज आहे. फळ्या ठोकल्यानंतर चार महिन्यांचा. "आम्हा बायकांची विनंती. फरशी झाली तरी फळ्या राहू द्याव्यात. इथे लेकरांना पाजता येते. पाय पसरता येतात. कोणी बघत नाही." खाली तेवीस अंगठे.

अक्षर तुझं आहे, आत्या. लहान मुलीचं, मोठं मोठं आणि ओळीच्या खाली उतरत गेलेलं, पण तुझंच. तुझं प्रत्येक अक्षर मान थोडी डावीकडे टाकून उभं असतं. तुझी सगळी पत्रं मी जपून ठेवली आहेत, ती शेजारी ठेवून ताडून पाहिलं. तू तेव्हा बारा वर्षांची असशील. तेवढ्या बायकांत लिहिता येणारी तू एकटीच.

पण "कोणी बघत नाही" च्या खाली आणि अंगठ्यांच्या वर, दाटीवाटीने आणखी एक ओळ आहे, इतकी बारीक की अक्षर कुणाचं ते कळत नाही. "मतदानाला आम्हास मोजण्याची गरज नाही." तिची शाई निळसर आहे. बाकीची काळी. एका अंगठ्यावर तर त्या ओळीची दोन अक्षरं चढली आहेत, म्हणजे अंगठे आधी उमटले आणि ओळ नंतर आली. आत्या, ही ओळ कुणीतरी मागाहून घुसवली. कुणी, ते मी लिहीत नाही. तेव्हा चिटणीस कोण होतं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. माझ्या आजोबांबद्दल असं मनात आणायलाही मला भीती वाटते, आणि आणल्याशिवाय राहवत नाही.

त्याच्या आधीच्या पानांत मतं साठ-सत्तर असायची. नंतर एकदम तीस-पस्तीस. मी सहा पानं मागे-पुढे पाहिलं.

मी आता सभेत सांगणार आहे की हा बनाव होता. तुझ्या नकळत तुझ्या कागदाचा वापर झाला. तुला न्याय मिळायला हवा.

फक्त एक गोंधळ आहे. रविवारी फळ्यांमागे मी सहज विचारलं, आड नसावी असं कुणाला वाटतं? बेकरीवाल्यांची सून बाळाला पाजत होती. म्हणाली, "मग मी हे कुठे करू, अध्यक्षांच्या मांडीशेजारी?" शिंपीणमावशी म्हणाली, तिला प्रवचनात डुलकी काढायची सवय आहे, ती आता मोडायची नाही. दोघी-तिघी म्हणाल्या, काढा बाई त्या फळ्या, आपण काय कोंबड्या आहोत का? आणि घड्याळआजी, जी दर पाच मिनिटांनी किती वाजले विचारते, तिने विचारलं, किती वाजले.

तेवीस अंगठ्यांत एक तिचा आहे. खाली तुझ्याच अक्षरात तिचं नाव आहे. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती.

लवकर लिही.

तुझी,
काटेकोरबाई

६ मार्च

आत्या,

सतरा दिवस झाले. पोस्टमनला मी रोज विचारते, तो आता मला पाहून आधीच मान हलवतो.

माझं काही चुकलं का? आजोबांविषयी लिहिलं ते लिहायला नको होतं का? तू पत्र वाचून रागावली असशील, तर तसं लिही, पण लिही. नर्सबाईंकडून निरोप दिलास तरी चालेल.

बाबांना कागद दाखवावाच लागला. त्यांनी भिंग लावून तो बराच वेळ पाहिला. मग भिंग पुसलं. म्हणाले, "सुटा कागद आहे. सोडून दे." मी म्हटलं, बाबा, मग ती प्रत खोटी होईल. ते म्हणाले, "खोटी नाही, लहान होईल." नंतर जेवताना आपणहून म्हणाले, "माझ्या वडिलांनी कधी कुणावर आवाज चढवला नाही." मी तर काही विचारलंच नव्हतं.

मला झोप नीट लागत नाही. प्रार्थना करताना शब्द येतात आणि मध्येच ती निळी ओळ येते. प्रवचनात ऐकलं होतं की बाईचं मौन हीच तिची प्रार्थना. इतकी वर्षं मी ते मनापासून मानत आले. आता वाटतं, हे तरी कुठल्या शाईत लिहिलेलं होतं? असं वाटलं की अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटलं की चिडचिड होते. मी श्रद्धा सोडलेली नाही, आत्या. ती कुठे ठेवली आहे तेवढंच सापडत नाही.

तुझी,
का.

१० मार्च

बाळा,

रागावले नव्हते. चार पत्रं लिहिली आणि फाडली. नर्सबाई म्हणाली, कागद फार जातोय तुमचा.

ती ओळ कुणी घुसवलेली नाही. ती मी लिहिली.

ऐक, जसं झालं तसं सांगते. फळ्या लागल्यावर बायकांना बरं वाटलं, हे खरं आहे. पहिल्यांदा त्यांनी पाय पसरले. पहिल्यांदा त्या आपसांत बोलल्या. माझी आई तर तिथे हसायची, घरात मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणून त्यांनी मला सांगितलं, लिही. मी लिहिलं, वाचून दाखवलं, सगळ्यांनी अंगठे दिले. मला असं वाटलं की मी कुणीतरी आहे.

कागद घेऊन मी चिटणिसांकडे गेले, म्हणजे माझ्या वडिलांकडे. त्यांनी वाचला. शांतपणे म्हणाले, "छान लिहिलंस. आता एक ओळ राहिली ती लिही. आडोशाला बसायचं तर हात कसे दिसणार? मोजायला त्रास होतो." माझी दौत संपली होती, त्यांनी त्यांची पुढे केली. त्यांची शाई निळी असायची. जागा होती तेवढ्यात मी बसवली ती ओळ. त्यांनी पाठीवर हात ठेवला. आवाज त्यांनी खरोखरच कधी चढवला नाही, धाकटा खोटं बोलत नाही. चढवावा लागला नाही.

बायकांना मी परत वाचून दाखवलं नाही. आधी वाटलं, छोटीशी तर ओळ आहे. पुढच्या सभेत आईने फळीच्या वरून हात काढला आणि पलीकडून कुणीतरी म्हणालं, तुम्हीच लिहून दिलंत की. आईने माझ्याकडे पाहिलं. त्याविषयी ती मरेपर्यंत बोलली नाही.

त्यानंतर मी ओळीच्या शेवटी रेघ मारायला लागले. दुसऱ्या कुणी घुसवू नये म्हणून असं मी तुला शिकवलं, पण ते पूर्ण खरं नाही. माझ्याच हाताला परत जागा मिळू नये म्हणून. आणि त्यानंतरच मी त्या फळ्यांमागे पोरींना वाचायला शिकवायला बसले. तू चाळिसावी असशील, किंवा एकेचाळिसावी. तुम्हा सगळ्यांना वाटलं, आत्याला हौस आहे.

आता तू न्याय मिळवून देणार होतीस तो कुणाला, ते तूच ठरव. कागद उतरव. निळी ओळ निळ्या शाईनेच उतरव. आणि कुणी लिहिली ते सांग. धाकट्याला आधी सांग, सभेत एकदम नको.

फळ्या राहाव्यात की जाव्यात, मला विचारू नकोस. सहासष्ट वर्षं मला ते कळलेलं नाही.

आत्या

२२ मार्च

प्रिय आत्या,

सभा झाली. मी सगळं क्रमाने सांगते, मला स्वतःलाही तो क्रम हवा आहे.

बाबांना मी आदल्या दिवशी तुझं पत्र दिलं. त्यांनी वाचून घडी केली आणि म्हणाले, "आईचा हात फळीवर आलेला मला आठवतो. मी तेव्हा पाच वर्षांचा. मला वाटलं, ती मला हाक मारतेय." बास, एवढंच.

सभेत जुनं अक्षर वाचायला मला पुढे, त्यांच्या टेबलाशी बसवलं. त्या बाजूने मी ते प्रार्थनाघर पहिल्यांदाच पाहिलं. खूप मोठं आहे, आणि उजेडाचं.

मी खड्ड्याचं वाक्य वाचलं. प्रवचनकारांनी डोळे मिटून घेतले. औषधवाले काका म्हणाले, "म्हणजे मुलं मोठी होईपर्यंत. झाली की मोठी. मी त्यातलाच." थोडे हसले. मग मी अर्ज वाचला, मग निळी ओळ, आणि सांगितलं की ही अंगठ्यांनंतर लिहिली आहे, अंगठे देणाऱ्यांना माहीत नव्हती. कुणी लिहिली तेही सांगितलं आणि कुणी सांगितली तेही. मध्येच बाबांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्यांच्याच वडिलांचं मी सांगत होते.

अध्यक्ष म्हणाले, "मग आता?" काका म्हणाले, "मग काय, मोजायला लागतील सगळे." प्रवचनकार म्हणाले, हा विषय आजचा नाही. त्यावर बाबा म्हणाले, आणि मला अजून खरं वाटत नाही, "ज्या कागदावर त्यांना वगळलं तो कागदच उभा राहत नाही. चिटणीस म्हणून मी आकडा अर्धा लिहू शकत नाही."

पुरुषांचे हात बाबांनी मोजले. भिंतीच्या बाजूने सतरा, विरुद्ध बावीस. म्हणजे भिंत पडल्यातच जमा होती. मग फळ्यांपलीकडे जायचं तर पुरुषांनी तिकडे जायचं नाही हा नियम. बाबा म्हणाले, "जा, तू मोजून ये."

मी गेले. शिंपीणमावशी म्हणाली, "दोन्ही हात वर केले तर दोन धरशील का?" मी म्हटलं, एकच. बेकरीवाल्यांच्या सुनेने बाळाच्या डोक्याखालचा हात काढून वर केला, भिंतीच्या बाजूने. मावशीने पण भिंतीच्या बाजूने. मी तीनदा मोजलं, कारण मला आकडा पटेना. बाजूने एकोणीस. विरुद्ध अकरा.

घड्याळआजीने हात वर केलाच नाही. मी तिच्यापाशी वाकले. तिने मला विचारलं, "त्या दिवशी मी अंगठा कशाला दिला होता?" मी सांगितलं, पाय पसरायला. "आणि?" मी सांगितलं, त्यानंतर एक ओळ आली ती. ती बराच वेळ आपल्या अंगठ्याकडे पाहत बसली. मग म्हणाली, "मग आधी तो परत दे."

बेरीज तू केली असशीलच. बाजूने छत्तीस, विरुद्ध तेहतीस. सहासष्ट वर्षांनी बायकांना मोजलं आणि बायकांच्या मतांनी पक्की भिंत मंजूर झाली. प्रवचनकार म्हणाले, देवाची इच्छा. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "घ्या आता." त्यांच्या बोलण्यात राग होता की गंमत, ते मला कळलं नाही. मला काहीच कळत नाहीये. जिंकलो का आपण? यापुढे मोजायचं हे इतिवृत्तात लिहिलं गेलं, ते माझ्याच हाताने, पुढे रेघ मारून. आणि तरी घरी येताना असं वाटत होतं की मीच एकेक वीट वाहून नेली.

आणि आज सकाळी लक्षात आलं. माझ्यासकट एकाहत्तर माणसं होती, आकडे एकोणसत्तरांचे, आणि आजी धरली तर सत्तर. यात मी कुठेच नाही. मी सगळ्यांना मोजलं आणि स्वतःचा हात वर करायला विसरले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी तेव्हापासून आठवते आहे की तो मी कुठल्या वेळी वर केला असता, आणि खरं सांगते, मला माहीत नाही.

तुझी,
काटेकोरबाई

२८ मार्च

बाळा,

पत्र नर्सबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, असल्या बायका. मी म्हटलं, कसल्या? तर तिला सांगता येईना.

तू वीटबीट काही वाहिली नाहीस. त्यांना पाय पसरायला जागा हवी आहे, तेव्हाही हवी होती. चूक ती नव्हती. आडोशाची किंमत म्हणून हात घेतला, चूक ती होती, आणि ती पावती मी लिहिली. आता आडोसा राहू दे, हात परत घ्या.

धाकट्याला सांग, भिंतीत खिडकी ठेव. बसल्यावर डोळ्यांना काही दिसणार नाही इतकी उंच, पण हात वर केला की पलीकडून दिसेल इतकी खाली. लांबच्या लांब, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हणजे मोजायला कुणाला पलीकडे जावं लागणार नाही. उजेडही अडायचा नाही, म्हाताऱ्यांची सोय होईल.

घड्याळआजीला जाऊन भेट. सांग, मी तिची माफी मागते. तिला किती वाजले ते सांग आणि मग सांग.

आत्या

९ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझ्या शेवटच्या ओळीपुढे रेघ नव्हती. मी दोनदा पाहिलं. विसरलीस की मुद्दाम, ते विचारत नाही.

आजीला सांगितलं. ती म्हणाली, "ती पोर? तिचं अक्षर छान होतं." मग किती वाजले विचारलं. ही माफी झाली की नाही, मला कळलं नाही.

समितीने खिडकी मान्य केली, म्हाताऱ्यांच्या उजेडासाठी. हातांचं कारण बाबांनी सांगितलं, पण लिहिताना उजेडच लिहिला गेला. मी खाली हातांचंही लिहिलं. बाबांनी पाहिलं, सही केली.

फळ्या निघाल्या. आज गवंडी आला होता. अर्ध्या भिंतीवर आला आणि थांबला, म्हणाला, खिडकी कुठून सुरू करू, मला आकडा द्या. आकडा कुणाकडेच नव्हता. बाबा म्हणाले, बसलेल्या बाईचा हात पोचेल तिथून. गवंडी म्हणाला, "मग एखादी बाई बसवा." तिथे मी एकटीच होते.

मी जमिनीवर बसले, भिंतीला पाठ लावून, जिथे तुझ्या मांडीवर पाटी असायची तिथेच साधारण. गवंड्याने कानावरची पेन्सिल काढली. म्हणाला, "हात वर करा, ताई." मी केला. तो म्हणाला, "नीट करा, अर्धा नको." मी नीट केला. सिमेंट ओलं होतं, पाठ गार पडली.

बाबा टेबलापाशी उभे होते. मला वाटलं, ते म्हणतील झालं, घे खाली. त्यांनी चष्मा नीट केला, माझ्या हाताकडे पाहिलं आणि बोट दाखवून म्हणाले, "एक."

तुझी,
काटेकोरबाई